भाग दोनशे चौदा

चॅनलचा फोन आला तेव्हा मी पौड फाट्यावर
मेथी बघत होते.
"ताई, लोकांना ते दोघं हवेत.
दोनशे चौदाला प्रेम. सव्वादोनशेला हळद."
भाजीवाली म्हणाली, दोन घ्या, तीसला देते.
मी दोन घेतल्या.
दोघींनाही हो म्हटलं.

ते दोघं म्हणजे इंदुमती आणि भार्गव.
तिची खाणावळ नारायण पेठेत,
समोर त्याचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान.
(पेठ प्लायवूडची आहे, टेकलात तर हलते.)
दोनशे भाग मी त्यांना भांडू दिलं
चटणीच्या पात्यावरून, उधारीवरून,
तिला ताप आला तेव्हा त्यानं डबे पोचवले सायकलवर,
बत्तीस, त्यातले सात चुकीच्या घरी.
कुणी कुणाच्या डोळ्यांत पाहिलं नाही.
डबे गार होत होते.

आता कॅमेरा तीनदा वळणार.
पदर उडणार,
त्यासाठी एक मोठा पंखा आहे, दोन पोरं धरून बसतात.

"मग आत्तापर्यंत काय होतं त्यांच्यात?" मी विचारलं.
"नुसती मैत्री होती ना," ती म्हणाली.

नुसती.
जसा नुसता भात.
वरण नाही, तूप नाही, लिंबाची फोडसुद्धा नाही.
आणि दुखण्यातून उठलेल्याला
आधी तोच देतात, हे तिला
कोण सांगणार, ती सव्वीस वर्षांची,
तिला अजून काही मोठं दुखलेलं नाही.

अच्युत आणि मी वेताळ टेकडीवर जातो,
बावीस वर्षं, दर गुरुवारी,
कारण गुरुवारी नळाला पाणी नसतं.
तो दगडांविषयी बोलतो, मी टीआरपीविषयी.
ऐकत कुणीच नाही.
त्याची बायको माझ्यासाठी भाजणी पाठवते
आणि निरोप, की ह्याला जरा जास्त चालव.

बाबांच्या वेळी, रात्री अडीचला,
फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' या रकान्यापाशी
तो पेन धरून बराच वेळ उभा होता.
मग लिहिलं: शेजारी.
तो धनकवडीला, मी कोथरूडला.
मधे अख्खी पर्वती.

कधीच काही वाटलं नाही, असं म्हणणार नाही.
एका मार्चमध्ये वाटलं होतं,
खाणीच्या कडेला, काटेसावर फुललेली होती.
पाचेक मिनिटं वाटलं असेल.
मग त्याला शिंका सुरू झाल्या.
सतरा. मी मोजल्या.
खाली येताना आम्ही उसाचा रस प्यायलो, आणि तो
रसवंतीवाल्याशी सुट्या पैशांवरून भांडला.
हे कुठल्या भागात घालू?

शेवटी लिहिलं. पैसे त्याचेच मिळतात.
भार्गवच्या हातातला पाना खाली पडतो,
इंदुमती वाकते, तोही वाकतो, पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.
वर सूचना आली: लग्नानंतर ती त्याला अहो म्हणेल.
मी कॉम्प्युटरला सांगितलं,
अरे असेल तिथे अहो घाल.
एकशे अडतीस ठिकाणी घातलं त्यानं निमूट,
आणि एका जागी अरेरावीचं
अहोरावी झालं.
ते मी तसंच ठेवलं.

मंगळवारी भाग लागला.
नऊ वाजून तीन मिनिटांनी अच्युतचा फोन.
"बरा होता," म्हणाला, "पंखा जरा जास्त होता."
मग थांबला. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार.
"त्या पटवर्धनबाईंचा मिक्सर?
एकशे साठपासून त्याच्या टेबलावर उघडा पडलाय.
आता लग्नाच्या गडबडीत
कोण बघणार तिकडे?"
मी म्हटलं, विसरलेच रे.
"विसरू नकोस," तो म्हणाला,
"आणि गुरुवारी टोपी आण. ऊन आहे."